चिमट्याचा आवाज

सायकलीचं पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा भीमसेननं एका हातात लटकता धरला आणि पान्यानं ठोकला. ठक.

"ह्यो फुटलाय."

"अण्णा, तुमच्या फौंड्रीतलं कास्टिंग न्हाय ते," दुकानदार महादेव म्हणाला. "कार्बन फायबर हाय, धाग्यांचा हलका माल. वापरलेला हाय, खोटं कशाला बोलू? पण नवाकोरा घेतला तरी असाच बोलतोय."

भीमसेननं शेजारचा लोखंडी चिमटा उचलून ठोकला. टण्ण. आवाज दुकानभर फिरला. "ऐकलंस? ह्याला म्हणायचं माल."

उद्यमबागेतल्या फौंड्रीत रोज तो हेच करायचा, ओतलेला माल ठोकून बघायचा. वाजलं तर पास. न्हाय वाजलं तर परत भट्टीत.

त्याची पोरगी सुविधा दाराजवळ सायकल धरून उभी होती. सकाळी सरावात पडली आणि चिमटा वाकला. उद्या राज्याच्या संघाची निवड.

"आप्पा, बाकीच्या सगळ्या पोरी कार्बनवर हैत. हे धूड घेऊन मी चढालाच मागं पडणार."

"आणि उताराला मोडला म्हंजे?"

"न्हाय मोडत! तुम्हाला जगात सगळं लोखंडच दिसतंय."

जरा जास्तच मोठ्यानं बोलली ती. महादेव उगंच फडक्यानं हात पुसायला लागला.

भीमसेननं पाना काउंटरवर ठेवला. "बरं. मला ह्यातलं काय कळत न्हाय. तिला पायजे तो बसव, महादेव." आणि खाली बसून वाकलेल्या चिमट्याचं चाक सोडवायला लागला.

सुविधाला कसंतरीच झालं. सायकल भिंतीला टेकवून तिनं पाना आणि कार्बनचा चिमटा उचलला.

"तसं न्हवं आप्पा. हे बघा, वाजत न्हाय, पण सगळीकडं सारखंच बोलतंय. म्हंजे आत चीर न्हाय. ऐका."

वरनं खाली ठोकत आली. ठक. ठक. ठक.

"व्हय गं," तो खाली मान घालूनच म्हणाला.

चिमट्याचा दुसरा पाय. ठक. ठक. थप.

बाहेरनं रिक्षा गेली. तिनं परत हळूच मारलं. थप. अंगठा फिरवला. रंग गुळगुळीत, चरा न्हाय, काय न्हाय. तिनं वर बघितलं. महादेव पेटीत बोल्ट हुडकत होता.

"आण की इकडं," महादेवनं हात पुढं केला. "बसवून टाकतो."

"दे गं," भीमसेन म्हणाला. "उशीर नको."

सुविधा हलली न्हाय. अंगठा तिथंच दाबून धरला होता. मग तिनं पाना उलटा धरून बापापुढं केला.

"आप्पा, हितं एकदा तुम्ही मारा."