पाठमोरा

नट हॉस्पिटलात यायला तयार झाला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तीन दिवस फाटकाशी बसून तिने त्याच्या वॉचमनचं डोकं खाल्लं होतं.

मागणं एवढंसंच होतं, हॉस्पिटलात खाटेवर पडलेल्या तिच्या नवऱ्यासमोर येऊन एकदा खरं काय ते सांगायचं. एका मुलाच्या वयात येण्यावरचा तो जुना सिनेमा, नटाचा पहिला. त्यात त्याचं काम जेमतेम पाऊण मिनिटाचं. घर सोडून निघालेला थोरला भाऊ कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत जातो, वळूनसुद्धा बघत नाही. बस्स! पण नट मोठा झाला आणि त्या पाठीवर लोकांनी लेखच्या लेख पाडले. तिचा नवरा त्या सेटवरचा लाइटमन. तो जन्मभर सांगत आला, की त्या दिवशी नट तापाने फणफणला होता आणि त्याचा शर्ट अंगात घालून चालला तो मीच.

लोक हसण्यावारी न्यायचे. तिचा दादा त्याच सेटवर गाडी चालवायचा, तो मात्र हसला नाही. भर जेवणात म्हणाला, थापा मारतोय हा. तिने त्याला भरल्या ताटावरून उठवलं. पुढे बावीस वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हाही गेली नाही.

नवऱ्याची बाजू घेतली, त्यात काय चुकलं, असं ती मशीनवर बसून स्वतःला बजावायची. तरी मन खात राहायचं. नटाने एकदा खरं सांगितलं, की ती सुटणार होती.

नट आला. अख्खा वॉर्ड गोळा झाला. तिने फाटकाशी सांगितलेलं सगळं त्याच्या लक्षात होतं. लाइटमनचा हात हातात घेऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तो मी नव्हतोच. मी तापाने पडलो होतो. चालले ते हे."

बोलताना त्याने डोळे टिपले. नर्सनेही डोळे पुसले. बाई तर ढसाढसा रडली.

गर्दी पांगल्यावर ती नवऱ्याची उशी सारखी करू लागली. "ऐकलंत ना? आता कोणाची बिशाद आहे तुम्हाला खोटं म्हणायची?"

नवऱ्याने उशीवरचा तिचा हात धरला.

"केवढा मोठा नट आहे गं," तो म्हणाला. "मलासुद्धा खरं वाटलं."

"म्हणजे?"

"चालला तोच होता. मी दिवा धरून उभा होतो. शेजारी तुझा दादा होता."