ओवाळणीचं ताट

उसाच्या ट्रॉलीखाली रूपालीचा उजवा पाय गेला, त्याला सहा वर्षं झाली. कृत्रिम पाय लावून तिनं पन्हाळा चढून दाखवला, तेव्हाच ट्रेकिंग ग्रुपच्या सयाजीदादांनी ठरवलं, गरजूंना असेच पाय बसवायला निधी गोळा करायचा आणि त्यासाठी थेट आफ्रिकेत जाऊन किलिमांजारो चढायचा. वर्षभर रूपाली त्यांच्याबरोबर कॉलेजं, दूधसंस्था, तालमी फिरली. सगळीकडे ती पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवायची आणि लोक देणगी द्यायचे. बॅनरवरही तिचाच हसरा फोटो होता. "पासपोर्ट काढून ठेव," असं दादाच तिला म्हणाले होते.

निघायच्या सकाळी दसरा चौकात हलगी कडाडत होती. चढाईला जाणाऱ्या दहाही जणांच्या डोक्याला भगवे फेटे होते. पाठीवर सॅक घेऊन रूपाली रिक्षातून उतरली, तसं दादांनी तिच्या हातात निरांजनाचं ताट दिलं.

"बरं झालं आलीस. ओवाळायला बाईमाणूस कोण न्हवतंच की."

तिनं हसत हसत सगळ्यांना ओवाळलं. मग ताट खाली ठेवून विचारलं, "दादा, माझा फेटा कुठं हाय?"

दादा बॅनरची घडी घालत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, तुझ्या जागी फोटोग्राफर घेतलाय."

"का?"

 

"शिखरावर तुझा बॅनर फडकवल्यावर फोटो काढायला कोणतरी नको व्हय?"