शनिवारचं भजन

"इथंही नाही," म्हणत प्रतापरावांनी ग्लास खाली ठेवला.

हेमंतनं कपाळावर हात मारला. मलकपेठेतला हा बार नवा कोरा होता. दारूबंदी उठल्यापासून हैदराबादेत कुत्र्याच्या छत्र्यांसारखे बार उगवत होते. इथं एसी होता, टीव्हीवर केबल होती आणि फळीवर परदेशी बाटल्या मांडल्या होत्या.

"आता इथं काय कमी आहे?"

"घसा जाळते."

"मग पाणी घाला की."

"नेहमीइतकं घातलंय."

अंबरपेठेतल्या बारमध्ये त्यांना अंधार नडला होता. बरकतपुऱ्यातला वेटर फार वाकून बोलत होता. इथं शेजारच्या टेबलावर रेस हरलेली माणसं घोड्यांच्या आईबापांचा उद्धार करत होती. ते प्रतापरावांना आवडलं होतं. व्हिस्की तेवढी उतरत नव्हती. दारूबंदी उठली त्याच उन्हाळ्यात त्यांची बायको सत्यवतीबाई वारल्या, आणि तेव्हापासून प्रतापरावांचा एकही ग्लास रिकामा झाला नव्हता.

तिसरे नामदेवराव कमी बोलत. आज बोलले. "प्रतापराव, जागेत खोट नाही. तुमचंच मन नाही. ही शनिवारची बैठक आता बंद करू."

प्रतापराव घाबरले. दुकानात नोकर त्यांना सेठ म्हणत. मुलगा पुण्याहून फोनवर बाबा म्हणे. नावानं हाक मारणारे हे दोनच मित्र उरले होते.

"पुढच्या शनिवारी घरी बसू," ते म्हणाले. "तिथंही नाही जमलं तर बंद."

घर नल्लकुंट्यात. दारूबंदीच्या काळात तोच त्यांचा बार होता. नामदेवरावांची सासुरवाडी बिदरची, कर्नाटकातली; तिथं दारूबंदी नव्हती. तिकडून बाटली तूरडाळीच्या डब्यात लपून यायची. डबा सत्यवतीबाईंच्या ताब्यात असायचा. शनिवारी संध्याकाळी त्या बाटली उघडून मधल्या खोलीत आणून ठेवत, आणि स्वतः पुढच्या खोलीत टाळ घेऊन खणखणीत भजन म्हणत. त्या आवाजात आतला खणखणाट बुडून जाई.

हे सगळं समोरच्या घरातल्या राजलिंगम सारांसाठी होतं. सार म्हणजे सर; निवृत्त हेडमास्तर, तेलुगू, आणि गल्लीच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. मागच्या गल्लीतल्या एकाला त्यांनी बाटलीसकट पोलिसांच्या हवाली केलं होतं. भजनाला बसण्याआधी सत्यवतीबाई प्रसादाचं ताट झाकून त्यांच्याकडे देऊन येत.

"त्या म्हाताऱ्याला कशाला शिरा?" प्रतापराव कुरकुरत.

"समोरच्याचं तोंड गोड असलेलं बरं," त्या म्हणत.

आत हेमंतची कुरकुर वेगळीच असे. "बिदरचा माल पाणचट आहे. नामदेवराव, तुमचे सासरे बाटलीत पाणी घालतात."

नामदेवराव रागानं लाल होत. पण पीत.

ठरलेला शनिवार आला. या वेळी बाटली नाक्यावरच्या दुकानातून दिवसाउजेडी आणली होती. तरी प्रतापरावांनी सवयीनं खिडकी लावली आणि स्टीलचे पेले काढले. सत्यवतीबाईंना लग्नात मिळालेले सहा पेले, प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेलं. सहावा कधीचाच हरवला होता.

प्रतापरावांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोघांकडे पाहायचं टाळलं.

"भजनाशिवाय कशी उतरेल!" हेमंत उठला. खुंटीवरचे टाळ काढून त्यानं गायला सुरुवात केली. तो इतका बेसूर गायला की गल्लीतली कुत्री गप्प झाली.

दार वाजलं.

दारात राजलिंगम सार उभे होते. नामदेवरावांनी बाटली झटकन दिवाणाखाली सरकवली. दारूबंदी उठलीय हे तिघांपैकी एकालाही आठवलं नाही.

"भजन सुना, तो आया सेठ," सार म्हणाले. आत येऊन त्यांनी उपरण्याखालून एक स्टीलचा पेला काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर कोरलं होतं, सौ. सत्यवती.

"ये मेरे पास रह गया था. भाभी हर शनिचर परसाद के साथ भरके लाते थे."

"क्या भरके?" प्रतापरावांनी विचारलं.

सारांनी दिवाणाखाली नजर टाकली. "वोइच."



"आप तो समिती के अध्यक्ष थे!" हेमंत म्हणाला.

"हौ. इसीच वास्ते तो बाहर नहीं पी सकता था."

"और भरके मतलब? इत्ता बड़ा गिलास?" हेमंतनंच विचारलं.

"पूरा. पानी नक्को बोलता था मैं. भाभी कभी नहीं मिलाए."

हेमंत पुटपुटला, "पण आमच्यासमोर बाटली तर गळ्यापर्यंत भरलेली यायची..."

"हेमंत," नामदेवराव शांतपणे म्हणाले, "आधी माझ्या सासऱ्यांची माफी माग."

प्रतापराव उठले. त्यांनी वाकून दिवाणाखालून बाटली काढली. सारांचा पेला काठोकाठ भरला. मग तांब्या उचलला आणि बाटलीत पाणी ओतायला लागले. बाटली गळ्यापर्यंत भरेपर्यंत ओतत राहिले. बूच लावून हलवली. आपल्या पेल्यातली व्हिस्की हेमंतच्या पेल्यात रिकामी केली, बाटलीतली नवी ओतली आणि वर नेहमीइतकं पाणी घातलं.

एक घोट घेतला. मग दुसरा. मग पेला रिकामा करून खाली ठेवला.

"उतरली?" नामदेवरावांनी विचारलं.

"उतरणारच," प्रतापराव म्हणाले. "तिच्या हातची आहे."