चौघींचं माप

नजीरचाचांनी उल्काचा हात हातात घेतला, बोटं दाबून पाहिली आणि सोडून दिला. "बाकी लोग आ जाएँ बिटिया, फिर शुरू करते हैं."

निशातगंजच्या त्या बोळात चाचांचं दुकान म्हणजे एक फळी आणि समोर बाकडं. गावाकडे कासार असतो, तसे ते इथले मनिहार. त्यांनी उल्काचं सातव्या महिन्याचं पोट पाहिलं होतं, "दोनों हाथ भर के, हरी" हे ऐकलं होतं, आणि तेवढ्यावरून काय ते ओळखलं होतं. गोदभराईच्या बांगड्या भरायला बाई एकटी येते, असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

उल्काने सांगून टाकायला हवं होतं. नवरा काश्मीरमध्ये, सासर-माहेर दोन्ही साताऱ्याकडे, छावणीतल्या क्वार्टरमध्ये ती एकटी. परवाच आईचं पत्र आलेलं : 'मला येणं जमत नाही. सातवा सरायच्या आत हिरव्या बांगड्या भर. स्वतःच्या हाताने चढवू नकोस, कोणाकडून तरी भरून घे.' सातवा सरायला दोन दिवस उरले होते. हे सगळं एका दमात सांगता आलं असतं. पण आपल्याला कोणी नाही म्हणायची अशी काही लाज वाटली, की तोंडातून भलतंच निघून गेलं. "आ रही हैं."

"कितने जन?"

"चार."

खोटं बोलायचंच तर माणसाने एक सांगावं, फार तर दोन. पण नाही, बाईसाहेबांनी एकदम चार सांगितले.

चाचांनी फडक्याने बाकडं पुसलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना "शाम को आइए, इनके घर की औरतें आ रही हैं" म्हणून परत पाठवलं.

"सावन तो कब का गया, पर हरी बहुत है अपने पास," चाचा पुडे सोडत म्हणाले. "धानी, मूँगिया, अंगूरी, तोतई. कौन सी?"

छावणीत ट्रक हिरवे, तंबू हिरवे, नवऱ्याची ट्रंकसुद्धा हिरवी. त्या हिरव्याचा तिला वीट आला होता. हा हिरवा वेगळा होता. पण त्याला इतकी नावं असतात हे तिला कुठे ठाऊक! तिने एका पुड्यावर बोट ठेवलं. "ये वाली. हमारे यहाँ यही होती है."

"अब उन लोगों का नाप बताइए. निकाल के रखता हूँ, टाइम बचेगा."

आता माघार नव्हती. "अम्मा का ढाई. मेरा ही नाप है."

"सास का?"

"पौने तीन." सासूबाईंचे पंजे रुंद, शेतात राबून झालेले.

"और?"

"ननद है, नीलम. सवा दो." हेमाकाकूंचं माप मात्र तिला येईना. काकूंच्या हातात बांगडी टिकतेच कुठे? भाकऱ्या थापता थापता रोज एक वाढते. "काकी का ढाई ही रखिए. दो ज़्यादा दीजिए, वो तोड़ती बहुत हैं," ती म्हणाली आणि चक्क हसली.

बाकड्यावर चार ढीग लागले. कुठला कोणाचा हे विचारावं लागलं नसतं. दोन-चार मिनिटं उल्का खोटं बोलल्याचं विसरूनच गेली. तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात अजान झाली. "हम नमाज़ पढ़ के आते हैं. दुकान देखिएगा. तब तक वो लोग आ ही जाएँगी," असं म्हणून चाचा गेले.

ती ढिगांशेजारी बसून राहिली. बोळाच्या तोंडाशी बाई दिसली, की मान वर व्हायची. कोण येणार आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी मान वर व्हायचीच.

चाचा परतले. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं, मग बोळाकडे. "रिक्शा नहीं मिला होगा," ते म्हणाले.

"कोणी येणार नाही, चाचा."

मराठीतच निघालं. चाचांना ते समजलं. ते खाली बसले, पुन्हा तिचा हात घेतला आणि एकेक बांगडी चढवू लागले. जपून, बोटं दुमडून, काचेचा ओरखडा उठू न देता. दोन्ही हात भरले तरी उल्काने उजवा हात तसाच पुढे धरून ठेवला.

"चुभ रही है?"

"नहीं. हमारे गाँव में चूड़ीवाले आख़िर में एक अपनी तरफ़ से डालते हैं. आशीर्वाद की."

चाचांनी चारही ढिगांवरून नजर फिरवली. मग आईच्या ढिगातली एक उचलली आणि तिच्या हातात सरकवली. बरोब्बर बसली. "अल्लाह ख़ैर से दिन पूरे करे," ते म्हणाले.

कासाराला करतात तसा तिने पोट सांभाळत वाकून नमस्कार केला. चाचांनी गडबडून पाय आखडले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पैसे देऊन ती उठली. चार पावलं गेली नाही तोच मागे काचेची किणकिण ऐकू आली. चाचांनी पहिला ढीग उचलायला घेतला होता.

"चाचा," ती वळून म्हणाली, "अभी मत उठाइए. मैं मोड़ तक पहुँच जाऊँ, फिर."