नैवेद्याआधीचं भांडण

"पेपरची घडी कुणी मोडली?" सासरे गरजले.

"मी! घडी न मोडता पेपर वाचता येत नाही, बाबा," मीही तेवढ्याच जोरात म्हणाले.

सासूबाई देवघरात शांतपणे गंध उगाळत होत्या. सकाळी कपभर चहा झाला की दुपारपर्यंत त्यांना भुकेची आठवणही होत नसे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी काही खायचं नाही, हा त्यांचा नेम. पूजा लांबली की आम्ही दोघं भांडायचो, आणि जेवल्यावर कशावरून भांडलो तेही आठवायचं नाही. नवरा मात्र धसका घेऊन वेगळं बिऱ्हाड शोधायला लागला होता.

तणतणतच मी तांदूळ काढायला कोठीच्या खोलीत गेले. दाराआड बाबा उभे, गाल फुगलेले, मुठीत शेंगदाणे. चोरी पकडली गेल्यावर त्यांनी निमूटपणे मूठ माझ्यापुढे उघडली. मी अर्धे दाणे उचलले.

"गूळ वरच्या फळीवर आहे," ते कुजबुजले. "माझा हात पोचत नाही."

माझा पोचला.

मग आठवडाभर घरात भांडण नाही. शेवटी काळजीने सासूबाईच घंटा हातात घेऊन बाहेर आल्या. "तुम्हा दोघांना बरं नाही का?" तेवढ्यात त्यांची नजर बाबांच्या मिशीतल्या दाण्याच्या सालावर गेली. त्या तशाच आत वळल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच घंटा वाजली.

"देवाला हल्ली सकाळीच भूक लागते," म्हणत सासूबाईंनी गूळदाण्यांची वाटी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.