शेवरीचं कुंपण

“मुडद्या, तोड ती शेवरी! सोड माझी वाट!”

बांधावर उभी राहून शिवगंगा बोटं मोडत होती. कुंपणापलीकडे तिचा दीर वैजनाथ दोन मजुरांना घेऊन उभा होता. ती ओरडली की त्याला जास्तच चेव चढायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“न्हाई तोडत. जा, कुणाला सांगायचं त्याला सांग,” तो म्हणाला आणि होत्या नव्हत्या त्या फटींत त्याने बोराटीच्या फांद्या कोंबायला लावल्या. शिवगंगेने पदर डोळ्यांना लावला आणि ती माघारी वळली. पाठ फिरताच तिला हसू आवरेना.

तिचा नवरा गेला, त्याचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी वैजनाथने वाटणी केली होती. विहीर आणि वरचं रान स्वतःला, ओढ्याकाठची सखल पट्टी वहिनीला. “बाईमाणसाला एवढं बस झालं,” असं वर चारचौघांत म्हणाला. तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून तिच्या गाडीवाटेसकट सगळ्या बांधावर आडवी शेवरी लावली. वर्षभरात ती दोन पुरुष उंच झाली आणि भिंतीसारखी दाटली. शिवगंगेला केळीचे घड डोक्यावर घेऊन ओढ्यातून जावं लागू लागलं. तेव्हा मात्र ती खरोखर रडली होती, त्याच्या पायाही पडली होती. तो हसला होता. ते हसू ती विसरली नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अर्धापूरला केळीवाल्यांचा मेळावा भरला. बाप्ये पुढे, ही मागे एकटी. शेतीखात्याचे साहेब सांगत होते, “रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागते. तिला वाट ठेवा. कुठं अडली की तिथंच साचते आणि केळी मारते.” बाप्ये जांभया देत होते. शिवगंगेने शब्द न् शब्द ऐकला आणि येताना दोन तापमापक घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आधी तिने एक आपल्या बाजूला टांगला आणि दुसरा काठीला बांधून कुंपणापलीकडे सरकवला. आपल्याकडे अकरा. पलीकडे सात. तिने पुन्हा पाहिलं, तेच आकडे. वरच्या सगळ्या रानाची थंडी उतरून येत होती, शेवरीला अडत होती आणि वैजनाथच्याच केळीत साचत होती. वहिनीचं वाटोळं करायला निघालेल्याने आपल्याच रानात थंडीचं तळं बांधलं होतं.

दुसरी एखादी असती तर सांगून मोकळी झाली असती. शिवगंगेने दातावर दात धरले. देव न्याय करून राहिला, आपण मधे बोट का घालावं? उलट ती रोज बांधावर जाऊन शिव्या घालू लागली. ती जितकी ओरडे, तितका तो कुंपण जपे.

दोन हिवाळे वैजनाथचे घड पोंग्यातच, गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत अडकून कुजले. पानं पिवळी पडून लोंबली. गाव म्हणालं, माती बिघडली. कुणी म्हणालं, विहिरीचं पाणी लागलं. शिवगंगा सगळ्यांना हो म्हणाली. यंदाही बाग हातची गेली तर तो रान विकणार, अशी कुणकुण होती. विहिरीसकट ते रान आपणच घ्यायचं, हे तिने मनाशी धरलं होतं. तिची बाग नुकती निसवायला, घड बाहेर टाकायला लागली होती. असा माल पंचक्रोशीत नव्हता. हा माल निघाला की रान घ्यायला पैसे झाले. आणि आता मोबाईल सांगत होता, आज रात्रीपासून चार दिवस कडाक्याची थंडी. शिवगंगेला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याच दुपारी कुऱ्हाडीचा आवाज आला.

ती धावत बांधावर गेली. वैजनाथने शेवरीची सात-आठ झाडं आडवी केली होती. बाजूला त्याची बायको सिंधु हात जोडून उभी होती. शिवगंगा दिसताच त्याने कुऱ्हाड टाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“वैनी, चुकलं माझं. इधवा बाईची वाट अडवली, तुमचा तळतळाट भोवला मला. तुमची बाग हिरवीगार आन माझीच जळून राहिली, याच्यातच समजलं मला. आज समदी शेवरी काढतो. तुमची वाट मोकळी करतो.”

शिवगंगेने वर पाहिलं. पडलेल्या झाडांमधून वरचं सगळं रान उतरत थेट तिच्या केळीपर्यंत आलेलं दिसत होतं. रात्री थंडी ह्याच वाटेने येणार. खरं सांगावं, तर तो स्वतःची बाग वाचवायला तोडेल. न सांगावं, तर तिच्या पाया पडून तोडेल.

“राहू द्या, भावजी,” ती कशीबशी म्हणाली. “नका तोडू. मला नको ती वाट. हात जोडते तुमाला!”

वाटेसाठी त्याच्या पाया पडली होती, तेव्हाही तिने इतक्या कळवळून मागितलं नव्हतं. सिंधुला हुंदका फुटला.  वैजनाथने डोळे पुसले, तळहातावर थुंकला आणि कुऱ्हाड उचलली.

“एवढं सोसून बी माझंच बघता? तुमी माणूस न्हाई वैनी, देवी हाव. आता तर मुळासकट काढतो.”