विरळ नोंदी

होबार्टच्या बंदराबाहेर तरंगणाऱ्या यंत्रांच्या मोजक्या नोंदींवरून लाटांची खरी लय काढायची, हे एल्सपेथचं काम. वडील फोनवर सारखे "हात थरथरतो" म्हणायला लागले, तेव्हा तिनं त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारा पट्टा बांधला. चार्ज करायला सारखं यावं लागू नये म्हणून त्यात नोंदी विरळ ठेवल्या.

महिन्यानं आल्यावर तिनं आलेख पुढे धरला.

"बघा बाबा, हात हलतोय, पण अगदी सावकाश. जन्मभर बोटी बांधल्यात आणि एवढ्याला घाबरता? डॉक्टरांना कळवलंय मी, औषध वाढवू नका म्हणून."

"तू म्हणतेस तर तसंच असेल," म्हणत त्यांनी तिच्यासाठी चहाचा कप उचलला. कप बशीवर तडतडा वाजायला लागला. तिच्या हातात येईपर्यंत अर्धा चहा केकवर सांडला होता.

एल्सपेथला मान वर करवेना. गरगर फिरणाऱ्या पंख्याचे अधूनमधून फोटो काढले, तर तो रमतगमत फिरतोय असं वाटतं. कामावर आलेल्या नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी हे सांगायची.

"पट्ट्यानं फसवलं, बाबा," ती पुटपुटली. "फार कमी वेळा बघत होता तो."

वडील फडक्यानं टेबल पुसत होते. फडकंही थरथरत होतं.

"त्याला नको गं बोल लावूस," ते म्हणाले. "तो तुझ्यापेक्षा जास्त वेळा बघत होता."